पॉलिश कॅपची ९ आठवड्यांची पिल्लं, नर कुठला न् मादी कुठली कोण सांगल का?

शेंडीवाला_जुळेसोलापूर:
नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडं पॉलिश कॅप या शेंडीवाल्या कोंबडीच्या जातीची ५ पिल्लं आहेत, घेतली ६ होती पण एक पहिल्याच आठवड्यात गेलं. आता ९ आठवड्यांची झालीत. आणली तेव्हा ३ आठवड्यांची होती आणि देणारा छातीठोक सांगत होता की शेंडी मोठी ती मादी, शेंडी बारकी तो नर, तुम्हाला सगळ्या माद्याच निवडून देतो. त्या निवडून द्यायचे पैसे वेगळे घेतले. आता माझा प्रॉब्लेम असा की आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, खुराडं गच्चीत आहे, आणि खाली घरमालक काका राहतात त्यांची कायम रात्रपाळी, सकाळी येऊन झोपतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, कोंबड्या पाळा, अंडी आम्हालापण द्या, फक्त आरवणारा नको. मी होय म्हणून बसलोय.

पोरीनं नावं ठेवलीत, तीच सांगतो म्हणजे सोपं जाईल. कापूस आणि झिपरी काळ्या, शेंडी पांढरी. कापसाची शेंडी गोल गच्च, वेचायला आलेल्या बोंडासारखी. झिपरीची मात्र सगळी विस्कटलेली, मधीच टक्कल आणि मागं दोन-चार पिसं लोंबतात, जुन्या केरसुणीसारखी. बुंदी आणि पेढा सोनेरी, प्रत्येक पिसाला काळी कड. पाचवी चांदी, तशीच कडवाली पण पांढरी.

व्हिडिओ बघितले तर एकजण म्हणतो ६ आठवड्यात कळतं, दुसरा म्हणतो ६ महिने थांबा. बायको म्हणते झिपरी नर आहे, केसच सांगतात. कुणाला द्यायचाच असला तर पोरीला अजून लळा लागायच्या आत द्यावा, म्हणून घाई.

गावरान_मोहोळ:
भाऊ एवढं काय अवघड हाय त्यात. तुरा बघा की. नराचा तुरा ६ आठवड्यात लाल व्हायला लागतो, तलंगीचा पिवळटच राहतो. आमची म्हातारी तर पिल्लू पायाला धरून उलटं टांगायची, मान वर उचलली तर कोंबडा, गप लोंबलं तर तलंग. अंडं टोकदार असलं की नर हे पण असतंय पण तुम्ही पिल्लंच आणलीत त्यामुळं ते गेलं.

शेंडीवाला_जुळेसोलापूर:
तुरा म्हणजे डोक्यावरची पिसं ना दादा? ती सगळ्यांनाच आहेत की.

गावरान_मोहोळ:
अहो लाल तुरा. मांसाचा. पिसांची ती शेंडी.

शेंडीवाला_जुळेसोलापूर:
लाल कायच दिसत नाही. नुसती पिसंच पिसं.

बार्शीची_कोंबडीवाली:
दादा तुमचं गावरानाला बरोबर आहे, मीपण गावरानात तसंच बघते, पण पॉलिशला पानासारखा उभा तुरा नसतोच मुळी. चोचीच्या वर, शेंडीच्या ऐन पुढं मांसाची दोन बारकी शिंगं असतात, दोन बोटं दाखवल्यासारखी, तोच त्यांचा तुरा. तोही शेंडीत दडलेला, पिसं बोटानं मागं सारून बघावं लागतं. नराची शिंगं ८-१० आठवड्यांत जाड आणि लाल व्हायला लागतात, मादीची शोधून सापडतात न सापडतात. पण एखादा नर उशिरा लाल होतो त्यामुळं मी एवढ्यावर कधी निकाल देत नाही. आणि उलटं टांगायचं तेवढं नका करू, या जातीचं डोकं नाजूक असतं, त्यावर पुढं सांगते.

देणाऱ्यानं शेंडीच्या साइजवरनं निवडून दिली म्हणताय ना, तिथंच फसलात. मोठेपणी मादीची शेंडी भरीव दिसते हे खरंय. पण ३ आठवड्यांच्या पिल्लाची शेंडी केवढी हे आधी आईबापावर जातं. पॉलिशचं पिल्लू अंड्यातनं निघतं तेव्हाच त्याच्या टाळूवर टेंगूळ असतं, कवटीचं हाडच तिथं वर फुगलेलं असतं आणि त्याच्यावर शेंडी उगवते. टेंगूळ मोठं तर शेंडी मोठी, मग नर असो मादी असो. माझ्याकडं एकाच रवणात निघालेल्या दोन भावांत एकाची शेंडी वाटीएवढी न् दुसऱ्याची चिमटीएवढी होती.

बघायचं असतं ते एकेक पीस. संध्याकाळी पिल्लं शांत झाली की एकेक मांडीवर घ्या, उजेड मागनं येईल असं बसा, आणि शेंडीतलं नवीन पुरतं उघडलेलं एक पीस दोन बोटांत धरून हळूच सरळ करा. उपटू नका. टोक गोल असलं, चमच्यासारखं रुंद, तर मादी. टोक निमुळतं भाल्यासारखं, पीस अरुंद आणि लांब, वर जरा तेल लावल्यागत चकाकतंय, तर नर. मादीची गोल पिसं एकावर एक बसतात म्हणून त्यांचा गोळा होतो, नराची आधी उभी राहतात आणि मग मानेवर मागं पडतात, म्हणून तो सहा महिने न्हाव्याकडं न गेलेल्या कॉलेजच्या पोरासारखा दिसतो.

असं का, तर कोंबड्यांत टोकदार चकचकीत पीस हेच मूळचं, मादीच्या अंडाशयातनं इस्ट्रोजेन येतं त्यानं पीस गोल होतं. म्हातारी कोंबडी कधी कधी नरासारखी पिसं काढून आरवायला लागते आणि गावात अपशकुन म्हणून लगेच सुरी काढतात ना, ते बिचारीचं अंडाशय बिघडलेलं असतं, बाकी काय नाही.

९ आठवडे म्हणजे काठावर आहात. काहींची पिसं आत्ताच बोलतील, काहींची १२-१४ ला. झिपरीबद्दल वहिनींशी मी सहमत नाही. विस्कटलेली वेगळी आणि टोकदार वेगळी. मधी टक्कल म्हणताय तर मला एक सांगा, पाण्याचं भांडं कसलंय? आणि डोळ्यापुढची पिसं कातरली नाहीत ना अजून? कातरू नका एवढ्यात, टोकं गेली तर बघणार काय.

हॅचरीतला_माणूस:
ताईंनी मस्त सांगितलंय. मी लेअरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, हॅचरीत बरीच वर्षं काढली म्हणून थोडं ॲड करतो, कारण इथं दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की हॅचरीवाले एका दिवसाचं पिल्लू ओळखतात मग आम्हाला का नाही जमत.

दोन पद्धती. एक म्हणजे मागनं दाबून आतला बारका उंचवटा बघायचा, ही जपान्यांनी बसवली आणि १९३० च्या दशकात तिथली माणसं जगभर जाऊन हे काम करायला लागली. शिकायला खूप वेळ लागतो, हजारो पिल्लं हातातनं जावी लागतात, आणि घरी कोणी करायला गेलं तर पिल्लाची आतडी दुखावतात. करू नका. दुसरी पंख बघून. त्यात मादीची पंखाची लांब पिसं लवकर वाढलेली दिसतात, नराची मागं राहतात. पण ही युक्ती आईबापच तसे निवडलेले असतील तरच चालते, बाप जलद पिसांचा आणि आई सावकाश पिसांची. तुमच्या पॉलिशच्या आईबापांत असली काही सेटिंग नसणार त्यामुळं पंख फाकवून फोटो टाकले तरी आम्ही काय सांगणार.

हां, पुढच्या वेळी स्वतः पिल्लं काढणार असाल तर एक आयडिया देतो. सोनेरी कोंबडा आणि चांदीच्या कडवाली कोंबडी अशी जोडी लावा. चांदीचा रंग नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्राला चिकटून येतो, आणि कोंबडी तो आपल्या पोरांना देते, पोरींना नाही. त्यामुळं निघतानाच फिकट चंदेरी पिल्लं नर आणि सोनेरी तपकिरी माद्या. उलटी जोडी लावली, म्हणजे शुद्ध चांदी कोंबडा आणि सोनेरी कोंबडी, तर सगळीच चांदी, मग बसा बोंबलत. तुमच्या आत्ताच्या पिल्लांना हे लावू नका, त्यांचे आईबाप कोण कोणाला माहिती, चांदी आहे म्हणून नर असं अजिबात नाही.

अंडं टोकदार म्हणजे नर हे मात्र सोडा दादा. नर की मादी हे कोंबडीच्या बीजातच ठरलेलं असतं, कवच त्यानंतर चढतं, त्याला आत कोण आहे ते कुठनं कळणार.

गावरान_मोहोळ:
म्हातारी ऐकत असती तर तुम्हाला भाकरी नसती दिली तिनं.

अक्कलकोटरोड_सिल्की:
पॉलिशवाल्यांनो तुमचं बरंय ओ, पिसाला टोक तरी असतं. सिल्कीला ते पण नाही. पिसाचे धागे एकमेकांत अडकवायला जे बारीक आकडे असतात तेच सिल्कीत धड नसतात म्हणून सगळं केसासारखं मऊ मऊ. मार्को पोलोनं १३ व्या शतकात चीनमधल्या कोंबड्यांना मांजरासारखे केस असतात असं लिहून ठेवलंय ते खोटं नाही. माझ्याकडं जोडी म्हणून दोन आल्या, दोघी गोल शेंडीच्या, दोघी गरीब, एकमेकींच्या अंगावर झोपायच्या. शेजारच्या पद्मशाली आजी त्यांना तेलुगूत जुट्टू कोडी म्हणतात, म्हणजे शेंडीची कोंबडी, रोज सकाळी गच्चीवरनं विचारायच्या की तुझी जुट्टू कोडी अंडं कधी देणार. मी आपला रोज खोक्यात हात घालून बघतोय. सहा महिने झाले, गड्ड्याची यात्रा आली, पहाटे गच्चीवरनं आवाज आला, मला वाटलं यात्रेतली पिपाणी कोणी पोरानं आणली. पिपाणी कसली, आमची धाकटी आरवत होती. आठ दिवसांनी थोरली पण. आजींनी अजून विचारायचं सोडलेलं नाही, आता मुद्दाम विचारतात.

नंतर कळलं काय बघायचं ते. तुरा कपाळावर चपटा अक्रोडासारखा असतो, नराचा लवकर रुंद न् गाठाळ होतो आणि शेंडीच्या मागनं दोन-चार लांब तारा निघतात. मादीची शेंडी मागंपर्यंत गोल. पण तरीही ५-६ महिने धरून चाला. पोपटवाले पिसाचा नाहीतर रक्ताचा थेंब देऊन डीएनए करून घेतात तसं कोंबडीचं पण होतं, लई घाई असली तर.

आणि एक, सोलापुरात काहीजण सिल्कीची मिक्स पिल्लं कडकनाथ म्हणून देतात, कातडी काळी दिसली की माणूस गार. पायाची बोटं मोजा. सिल्कीला ५, कडकनाथला आपल्या गावरानासारखी ४. कडकनाथ झाबुआचा, २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय त्याला, त्याला शेंडीबिंडी नसते.

शेंडीवाला_जुळेसोलापूर:
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो, पोरीनं मोबाईलचा टॉर्च धरला, मी पिसं बघितली. बायको लांबनं बघत होती आणि हसत होती.

कापूस: पीस अगदी गोल, नखाएवढं रुंद. शिंगं सापडलीच नाहीत.
चांदी: गोल. पांढऱ्या पिसाला गोल काळी किनार, बघायला लई भारी वाटलं.
पेढा: टोकदार. शंकाच नाही, सुरीच्या पात्यासारखं. पुढं दोन लाल शिंगं पण आहेत, तांदळाएवढी.
बुंदी: कळंना. काही पिसं गोल, एक-दोन जरा लांबट. शिंगं आहेत पण लाल नाहीत.
झिपरी: हिला बघायला पीसच नाही. मधी टक्कल आणि त्यात निळसर काड्या काड्या उगवल्यात, पेनाच्या रिफिलसारख्या. मागची जी लोंबत होती ती तुटकी आहेत, टोकंच नाहीत.

पाण्याचं भांडं स्टीलची परात आहे ताई, का?

बार्शीची_कोंबडीवाली:
परातच म्हणणार माहिती होतं मला. पाणी प्यायला वाकली की शेंडी बुडते, ओली शेंडी दाण्यात जाते, त्याचा चिकटा होतो आणि बाकीची पोरं तो टोचून खातात. तुमच्या झिपरीचे केस बाकीच्यांनी खाल्लेत. त्या रिफिल म्हणजे नवीन पिसं, आत रक्त असतं, त्यांना कात्री लावायची नाही आणि बोटानं सोलायची नाहीत.

परात आजच्या आज काढा. अरुंद तोंडाचं लटकवायचं भांडं घ्या नाहीतर चोच लावली की थेंब पडतो ते निपल लावा. झिपरीला जाळी टाकून वेगळी ठेवा पण बाकीच्यांना दिसेल अशी, नाहीतर परत घेताना सगळ्या मिळून हाणतात. डोकं नाजूक म्हणाले होते ते यासाठी, त्या टेंगळाचं हाड पुरतं भरलेलं नसतं, लहानपणी त्यात भोकं असतात आणि खाली लगेच मेंदू. चोच खोल लागली तर पिल्लू जातं, नाहीतर मान वाकडी होते. आपल्याकडं मान वाकडी दिसली की मानमोडीच, म्हणजे राणीखेत रोग, म्हणतात. असेल किंवा नसेलही, डोक्याला मार लागून किंवा खाण्यात कमी पडून पण होते, त्यामुळं तसं काही दिसलं तर पिल्लू लगेच बाजूला काढा आणि डॉक्टरला दाखवा. लसी झाल्यात ना?

शेंडीत उवा पण बघा बोटानं फाकवून. आणि खुराड्यात जायच्या आधी शीळ घाला नाहीतर बोलत जा, वरचं न् बाजूचं यांना दिसत नाही, अचानक हात आला की उडून डोकं आपटून घेतात. डोळ्यापुढचं फारच येत असेल तर पोरीच्या केसांचा बारका रबर सैल बांधा तोवर. ऊन आता चढतंय, गच्चीवर ओली पोती टाका, एप्रिलमध्ये सोलापुरात पत्र्याखाली माणूस टिकत नाही तर शेंडीवाली कुठली टिकणार.

बुंदी आणि झिपरीचं महिनाभर विचारू नका. १३ व्या आठवड्यात शेंडी नाही, पाठीवर शेपटीच्या मुळाशी बघा. तिथं दोन्ही बाजूंनी सुईसारखी चकचकीत पिसं लोंबायला लागली की मग कोर्टात पण टिकेल.

कुकुडकू_पंढरपूर:
मला वाटतं झिपरी नरच. केस बघा.

बार्शीची_कोंबडीवाली:
वरचं वाचा हो आधी.

शेंडीवाला_जुळेसोलापूर:
महिन्यानं परत आलोय, १३ आठवडे संपले.

झिपरीचं टक्कल भरलं. सगळी पिसं गोल, कापसाएवढा नाही पण लिंबाएवढा गोळा झालाय. मादी. बायकोला दाखवलं तर म्हणाली मी कधी म्हणाले नर.

बुंदीनं मात्र धोका दिला. शेंडी अजून पण बऱ्यापैकी गोलच दिसते लांबनं, शिंगं आत्ता कुठं गुलाबी, पण परवा पाठीवर हात फिरवला तर शेपटीजवळ दोन्हीकडनं बारीक सोनेरी पिसं, टोकं इतकी निमुळती की बोटाला वेगळी लागतात. मग शेंडीतली नवीन पिसं काढून बघितली तर ती पण टोकदार. जुनी गोल पिसं वर होती म्हणून दिसत नव्हतं.

म्हणजे ३ माद्या २ नर. आणि पेढा मंगळवारी आरवला. आरवला म्हणजे काय, लोखंडी गेट कोणीतरी अर्धवट ओढल्यासारखा आवाज. खालनं काकू ओरडल्या गेटला तेल घाला म्हणून. मी होय म्हणालो. काका झोपेत होते. त्याला पुरतं आरवायला यायच्या आत सोय करायला पाहिजे. बुंदी अजून गप आहे पण किती दिवस.

पोरीला सांगितलं. रडली नाही, पण कुठं जाणार, कोण कापणार तर नाही ना, एवढंच चारदा विचारलं.

बार्शीची_कोंबडीवाली:
बुंदी मला द्या, माझ्या सोनेरीचा कोंबडा उन्हाळ्यात गेला गेल्या वर्षी. बदल्यात एक काळी तलंग देते, ५ महिन्यांची, त्यामुळं नर-मादीची शंका नाही, हातावर अंडं ठेवूनच देते.

गावरान_मोहोळ:
पेढा मी नेतो. कापत नाही ओ, पोरीला सांगा. माझ्या गावरान तलंगांत सोडतो, बघू काय निघतंय.

हॅचरीतला_माणूस:
अर्धी अर्धी शेंडी निघेल दादा. बाप पुऱ्या शेंडीचा न् आई बिनशेंडीची म्हणजे पिल्लांना मधलीच शेंडी, टोपी मागं सरकल्यासारखी.

गावरान_मोहोळ:
अर्धी तर अर्धी. तिच्यातनं तुरा तरी दिसंल.

शेंडीवाला_जुळेसोलापूर:
रविवारी सकाळी निघतो, आधी मोहोळ मग बार्शी. दोघांना एका डालग्यात घालू का वेगवेगळं? आणि पोरगी पण येते म्हणते, पेढा कुठं झोपणार ते बघायचंय तिला.

गावरान_मोहोळ:
वेगवेगळं घाला, बंद गाडीत नरानर भांडतात. पोरीला आणा की, जेवूनच जावा. येताना शेंगाचटणी तेवढी घेऊन या.